मलप्रभा ते काळी : वल्ह्याची कयाक की पायडलची?

कयाक, म्हणजे एकदोघांची चिंचोळी छोटी नाव, घ्यायची हे घरात ठरलं होतं. कुठली घ्यायची यावर मात्र माझं आणि मेहुण्याचं घोडं अडलं होतं. मेहुणा कारवारजवळच्या सदाशिवगडचा. काळी नदी समुद्राला मिळते तिथं त्याचं घर, आणि त्याच्याकडे पायडलची कयाक आहे. बसायचं, पायडल मारायचं, खाली पंखा फिरतो आणि नाव पुढं जाते. गळाने मासे धरायचा त्याला जबर नाद. त्यामुळं त्याचं म्हणणं ठरलेलं: "भावोजी, ताकद पायात जास्त असते. आणि हात मोकळे राहतात. अजून काय पाहिजे?"

माझं घर बेळगावजवळच्या खानापुरात. मलप्रभा कणकुंबीच्या डोंगरात उगवते आणि पार कूडलसंगमला जाऊन कृष्णेला मिळते, पण माझी नदी म्हणजे कणकुंबी ते खानापूर एवढीच. झाडीतून वाहणारी, दगडांवरून घसरणारी, मधूनच डोह करून थांबणारी. मासे धरण्यात मला रस नाही. नदीनं जेवढं वर जाता येईल तेवढं जावं, ही माझी हौस. त्यासाठी साधी वल्ह्याची कयाक बरी, असं माझं मत होतं. बायकोनं दोघांचंही ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कुठलीपण घ्या, पण मला एकटीला ती पाण्यात नेता आली पाहिजे. दर वेळी तुमची वाट बघत बसणार नाही."

दिवाळीत योग आला. मेहुण्याचं बेळगावला काम होतं. येताना त्यानं पिकअपमध्ये आपली कयाक घालूनच आणली. भाऊबीजेला बहिणीला घेऊन जायचं होतंच. एका मित्राकडून मी वल्ह्याची कयाक मागून घेतली. वर बसायची, म्हणजे जिला सिट-ऑन-टॉप म्हणतात तसली. दोन्ही नावा एकाच गाडीत, आणि वाटेत येईल त्या पाण्यात दोन्ही घालून बघायच्या, असा बेत ठरला.

पाडवा : असोगा

ओवाळणी झाली, फराळ झाला आणि उन्हं चढायच्या आत असोग्याला निघालो. खानापूरपासून हे जवळच. मलप्रभेच्या काठावर रामलिंगेश्वराचं देऊळ आहे. सणाचा दिवस, घाटावर माणसं आंघोळीला आलेली. त्यांच्यात नावा घेऊन जाणं बरं दिसलं नसतं. देवाला नमस्कार करून वरच्या अंगाला, शेताच्या कडेनं नदीत उतरायची वाट शोधली.

खरी परीक्षा इथंच सुरू झाली, आणि नाव अजून पाण्याला लागलीसुद्धा नव्हती. पायडलची कयाक यंत्रासकट पंचेचाळीस किलोच्या घरात जाते. मित्राची वल्ह्याची चोवीस किलोची. कागदावर हा फरक एवढा वाटत नाही. पण ऑक्टोबरात मलप्रभेचा काठ म्हणजे काळी माती, वर ओलं गवत, आणि खाली उतरताना पाय कुठं पडेल याचा भरवसा नाही. मेहुण्याकडे दोन चाकांची छोटी ट्रॉली आहे. सदाशिवगडच्या पुळणीवर ती छान चालते. इथं चाकं चिखलात रुतली आणि शेवटी आम्ही तिघांनी मिळून नाव उचलून नेली. वल्ह्याची कयाक मी एका बाजूनं खांद्यावर घेतली, बायकोनं दुसरी बाजू धरली, आणि काम झालं.

पाणी चांगलं होतं. पावसाळा नुकताच संपलेला, गढूळपणा खाली बसलेला. आम्ही उतरलो तिथं डोह होता, माणूसभर खोल. मेहुण्यानं यंत्र खाली सोडलं, पायडल मारलं, आणि नाव हूं की चूं न करता निघाली. डोहात तिला तोड नव्हती. त्याच्या हातात गळ, पाय चालू, आणि नाव सरळ रेषेत. काठावर गुरं घेऊन आलेले एक आजोबा बघत उभे राहिले. "काय हो, सायकल पाण्यात घातलासा काय?" त्यांना ती फार आवडली. मेहुण्यानं त्यांना नाव काठाला आणून यंत्र वर काढून दाखवलं.

ते यंत्र मीही पहिल्यांदाच नीट बघितलं. नावेच्या मधोमध एक आरपार भोक असतं. त्यातून एक दांडा पाण्यात उतरतो, दांड्याच्या खालच्या टोकाला दोन पात्यांचा पंखा. वर सायकलीसारखी पायडलं. पायडलाचं फिरणं आतल्या दातेरी चाकांतून दांड्याला, दांड्याकडून पंख्याला. उलटं पायडल मारलं की पंखा उलटा फिरतो आणि नाव मागं येते. दुसऱ्या जातीत पंखा नसतो. होबी या अमेरिकन कंपनीनं १९९७ साली बाजारात आणलेल्या त्या रचनेत नावेच्या पोटाखाली दोन लवचीक पर असतात. पाय आळीपाळीनं पुढं ढकलायचे, की ते पर डावीउजवीकडे झाडू मारल्यासारखे फिरतात. पेंग्विन पाण्यात पंख मारतो त्यावरून ती कल्पना आली. पर फिरताना वाकतात आणि पाणी मागं ढकलतात. पहिल्या रचनेत मागं जायची सोय नव्हती. नंतर दोरी ओढून पर उलट्या दिशेला वळवायची सोय आली. या दोन जातींतला फरक घेणाऱ्यानं समजून घ्यावा, कारण उथळ पाण्यात तो फार जाणवतो. परांच्या नावेत एक पाय पूर्ण पुढं दाबून धरला की दोन्ही पर नावेच्या पोटाला चिकटून बसतात. पंख्याच्या नावेत दांडा सगळाच्या सगळा वर ओढून घ्यावा लागतो.

आणि मलप्रभेत उथळ पाणी यायला किती वेळ लागतो! डोह संपला, नदीनं वळण घेतलं, आणि पुढं दगडांची पायरी आली. पाणी गुडघ्याएवढंही नाही. पंखा नावेच्या तळाखाली दीड फूट तरी खोल असतो. "खट्" असा आवाज झाला आणि मेहुण्याच्या पायांना धक्का बसला. त्यानं घाईनं दांडा वर ओढला. तोवर नाव धारेला लागून आडवी झाली होती. त्याच्याकडे आडवेळेला वल्हं असतंच. पायडलवाल्यानं वल्हं जवळ बाळगलंच पाहिजे, हा नियम आहे. पण पंचेचाळीस किलोची रुंद नाव वल्ह्यानं धारेवर चढवणं म्हणजे जिवावर येतं. शेवटी तो उतरला आणि नाव ओढत वर घेऊन आला.

तेवढ्यात बायको वल्ह्याची कयाक घेऊन त्याच पायरीवरून वर गेलीसुद्धा. तिनं कुठं जास्त ताकद लावली असं नाही. तळ जेमतेम चार बोटं पाण्यात असतो. दगडांमधली पाण्याची जीभ बघायची, नाकाड तिच्यात घालायचं, आणि जिथं वल्हं पाण्यात बुडत नाही तिथं दगडावर टेकवून नाव पुढं ढकलायची. वरच्या डोहात जाऊन तिनं एका जागी गर्रकन नाव फिरवली आणि भावाची वाट बघत थांबली.

दुपारी जेवायला बसलो तेव्हा मेहुणा पंखा साफ करत होता. पात्यांच्या मागं, दांड्याला लागून, नायलॉनचा धागा घट्ट गुंडाळला गेला होता. कुणाच्या तरी फाटक्या जाळ्याचा. त्यात पाणवनस्पतीच्या मुळ्या, सडका पाला. नखानं निघेना म्हणून सुरी घेतली. धागा दांड्यावर इतका आवळला होता की एकेक फेरा कापून काढावा लागला, आणि प्रत्येक फेऱ्याखाली अजून एक निघत होता. आपल्या नद्यांत हे असणारच. जाळ्यांचे तुकडे, जलपर्णी, देवाला वाहिलेल्या हारांचे दोरे. वल्ह्याच्या पात्याला यातलं काही अडकलं तर हात झटकला की संपलं.

भाऊबीज : रामनगर, गणेशगुडी, अणशी घाट

सकाळी लवकर निघालो. लोंढा, रामनगर, तिथून डावीकडे जोयड्याचा रस्ता. रामनगरला चहा झाला. हॉटेलवाला आमच्याशी मराठीत, शेजारच्या टेबलाशी कोकणीत आणि ट्रकवाल्याशी कन्नडमध्ये बोलत होता. या पट्ट्यात हे रोजचंच.

जोयडा तालुक्याचं जुनं ठाणं सुपा. ते गाव काळीवरच्या धरणात गेलं आणि कारभार जोयड्याला आला. धरणाला मात्र सुप्याचंच नाव राहिलं. १०१ मीटर उंचीची ही भिंत गणेशगुडीला आहे, आणि धरणाच्या खालच्या अंगाला राफ्टिंग चालतं. तिथला सगळा खेळ वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यावर. पाणी सुटलं की नदी भरते, बंद झालं की दगड उघडे पडतात. म्हणून या टप्प्यात आपली नाव घेऊन परस्पर उतरू नये. पाणी कधी वाढेल हे तिथं रोज काम करणाऱ्यांनाच कळतं. आम्ही आमच्या नावा गाडीतच ठेवल्या आणि तिथल्या लोकांकडून संथ पाण्यातल्या कयाक भाड्यानं घेतल्या. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय ते पाण्यात पायही ठेवू देत नाहीत. ही शिस्त मला मनापासून आवडली.

तिथल्या सगळ्या कयाक वल्ह्याच्याच. मी एका पोरग्या गाइडला विचारलं, पायडलच्या का ठेवत नाही? तो म्हणाला, "दगडावर आपटली की दुरुस्त करायला कुठं नेणार? आणि पाण्यानं ढकललं तर पायडल मारून काय होणार सर, वल्ह्यानं टेकू तरी घेता येतो."

टेकू घेणं म्हणजे काय, ते त्यानं करून दाखवलं. धारेच्या कडेला, जिथं वाहतं पाणी आणि थांबलेलं पाणी एकमेकांना घासतं, तिथं त्यानं नाव आडवी घातली. नाव कलली. त्यानं वल्ह्याचं पातं पालथं करून पाण्यावर सपाट टेकवलं, कोपर वर, मनगट सरळ, आणि कमरेनं नाव खालून परत सरळ केली. पातं पाण्यावर टेकतं ना टेकतं तोच उचललेलं. मी ते बराच वेळ करत बसलो. पहिल्यांदा पातं पाण्यात बुडतं, कारण आपण त्यावर भार टाकतो. भार टाकायचा नसतो. पाण्याला नुसतं थोपटायचं आणि बाकीचं काम कमरेनं करायचं. हे जमलं की नाव कलायची भीती जाते.

माझं मत इथं पक्कं झालं. पायडलची कयाक तुम्हाला पुढं नेते, मागं नेते, पण ती कलली तर पायडल काही कामाचं नाही. त्यासाठी त्या नावा बनवतानाच रुंद बनवतात. पावणेतीन-तीन फूट रुंदी, म्हणजे कलायचा प्रश्नच कमी. पण रुंद म्हणून जड, जड म्हणून काठावर अवघड. वल्ह्याच्या नावेत तुमच्या हातात जे आहे तेच चालवायला, वळवायला, थांबवायला आणि सावरायला. वल्हं नीट मारायला आलं तर हातही दुखत नाहीत, हेही त्या पोरानंच दाखवलं. पातं पावलाजवळ पाण्यात घालायचं, कमरेजवळ आलं की काढायचं, आणि ओढायचं ते दंडानं नाही, धड वळवून. ज्या बाजूला वल्हं त्या बाजूचा पाय नावेला दाबायचा. म्हणजे पायांची ताकद वल्ह्याच्या नावेतही लागतेच. मेहुण्याच्या "ताकद पायात जास्त" या मुद्द्याला हे उत्तर होतं. त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "उद्या खाडीत सांगा."

दांडेलीकडे वळायचा मोह टाळला. तिथं काळीत मगरी आहेत, आणि नावेतून पाय बाहेर सोडून बसायचं ते पाणी नव्हे. कुंभारवाडा, मग अणशीचं जंगल, मग घाट. पावसात दरडी पडलेल्या जागी अजून माती दिसत होती. खाली उतरल्यावर हवा एकदम बदलते. घाम, दमटपणा, माडांची रांग. कद्रा मागं टाकून कारवारच्या बाजूला आलो आणि दिवेलागणीला सदाशिवगड. सासूबाईंनी पाट मांडूनच ठेवला होता. बायकोनं भावाला ओवाळलं. जेवायला इसवणाचं कालवण आणि सोलकढी. मासे खाण्यापुरता मी मेहुण्याच्या पक्षात आहे.

तृतीया : काळीचं मुख

अमावास्या होऊन दोन-तीन दिवस झालेले, म्हणजे उधाणाचे दिवस. मेहुण्यानं रात्रीच हिशोब सांगितला होता. सकाळी सातच्या सुमारास ओहोटी संपते. मग दुपारी एकपर्यंत भरती. सकाळी भरतीबरोबर नदीत वर जायचं आणि दुपारी ओहोटीबरोबर परत यायचं. पाण्याशी भांडायचं नाही. खाडीवर नाव घालणाऱ्याला हे वेळापत्रक पाठ पाहिजे, नाव कुठलीही असो.

सकाळी वारा जमिनीवरून, मंद. मी वल्ह्याच्या कयाकमध्ये, मेहुणा पायडलच्या, बायको किनाऱ्यावर आईसोबत. निघताना वाळूचा दांडा ओलांडायचा होता. तिथं यंत्र खाली सोडता येत नाही, म्हणून त्यानं वल्ह्यानं नाव खोल पाण्यात नेली आणि मग पंख्याचा दांडा उतरवला. पुढचे दोन तास मात्र त्याचेच होते. ताशी पाचएक किलोमीटरचा वेग, आणि तोही गप्पा मारत. मी बरोबरीनं जात होतो, पण गप्पा मारायला दम राखावा लागत होता.

हमरस्त्याचा पूल आला. २०२४ च्या ७ ऑगस्टला मध्यरात्रीनंतर इथला जुना पूल कोसळला. सोबत एक ट्रक नदीत गेला आणि चालकाला वाचवण्यात आलं. पुलाच्या खांबांशी पाणी जोर धरतं, भोवरे करतं. त्यामुळं खांबांपासून लांब, मोकळ्या गाळ्यातून गेलो.

पुलाच्या वर, किनाऱ्याला खोल पाण्याची एक कड आहे. मेहुण्याची ती आवडती जागा. इथं मी त्याची नाव काय करते ते बघितलं आणि मनापासून दाद दिली. भरतीचं पाणी नावेला आत ढकलत होतं. तो उलटं पायडल मारत होता, अगदी सावकाश, आणि नाव एका जागी उभी होती. नांगर नाही, दोरी नाही. दोन्ही हात गळावर. टाकला, ओढला, परत टाकला. कडेच्या बरोबर त्याच रेघेत. मी तिथं थांबायचा प्रयत्न केला तर दर चार क्षणांनी वल्हं मारावं लागे. मधे एकदा त्याच्या दोरीला हिसका बसला, काठी वाकली, आणि मासा दगडाकडे पळायला लागला. त्यानं काठी दोन्ही हातांनी धरली आणि पायांनी नाव मागं घेत माशाला दगडापासून लांब ओढलं. चांगला हातभर तांबसो. वल्ह्याच्या नावेत असतो तर एका हातानं काठी आणि एका हातानं वल्हं सांभाळताना तो मासा कपारीत गेला असता. गळाने मासे धरणाऱ्यानं पायडलची कयाक घ्यावी, याबद्दल मला आता शंका नाही.

एक मात्र सांगितलं पाहिजे. हात मोकळे म्हणतात ते अगदी मोकळे नसतात. सुकाणूची मूठ डाव्या हाताशी असते आणि वाऱ्यात तिच्यावर सतत हात ठेवावा लागतो. संथ पाण्यात तेवढं नाही.

वारा दुपारी आला. किनारपट्टीवर हे रोज होतं, जमीन तापली की समुद्राकडून वारा सुटतो. आम्ही ओहोटीबरोबर खाली येत होतो आणि वारा समोरून. बाहेर जाणारं पाणी आणि आत येणारा वारा भिडले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. नाव चढते, धाडकन पडते, मांडीवर पाणी येतं. माझ्या वल्ह्याचं वरचं पातं दर खेपेला वाऱ्यात अडकत होतं. पात्यांचा कोन एकमेकांशी फिरवून घेतला की वरचं पातं वाऱ्याला धारेनं कापतं. तसं करून घेतलं, जरा बरं वाटलं. तरी नावेचं तोंड वाऱ्याकडे वळत होतं आणि एकाच बाजूला जास्त वल्हं मारावं लागत होतं. मेहुणा पुढं गेला, थांबला, मागं आला. "बदलूया, भावोजी." वाळूच्या बेटावर नावा अदलाबदल केल्या.

पायडलच्या नावेत बसल्यावर वारा अर्धा झाल्यासारखं वाटलं. पंखा पाण्याखाली, त्याला वाऱ्याचं सोयरसुतक नाही. मी पाठ टेकली, सुकाणू धरलं आणि पाय मारत राहिलो. मांड्या भरून आल्या, पण दम लागला नाही. पूल ते सदाशिवगड हा टप्पा मी कसल्याही त्रासाशिवाय पार केला. मागून मेहुणा वल्हं मारत, घामाघूम होऊन आला, आणि किनाऱ्याला लागल्यावर पहिलं वाक्य त्याचं: "सांगितलं होतं की नाही?"

सांगितलं होतं, आणि खरं सांगितलं होतं. मोठं, मोकळं, वाऱ्याचं पाणी असेल तर पायडलच.

चतुर्थी : तिवरांत

दुसऱ्या दिवशी बायकोची पाळी. कोडीबागच्या बाजूला काळीच्या काठानं तिवरांची झाडी आहे आणि तिच्यात भरतीच्या पाण्यानं उघडणाऱ्या चिंचोळ्या वाटा. लहानपणी ती आजोबांबरोबर होडीतून अशा वाटांनी तिसऱ्या काढायला जायची. भरती अर्धी झाली तेव्हा आत शिरलो. ती वल्ह्याच्या नावेत पुढं, मागं मेहुणा, त्याच्या नावेत पाय पसरून पुढच्या बाजूला मी. ओझं जास्त होतं, पण जवळच जायचं होतं.

आत शिरल्यावर पन्नास पावलांत वारा बंद. दोन्ही बाजूंनी मुळांच्या कमानी, चिखलातून वर आलेली श्वासमुळं, त्यांच्यावर खेकडे. खंड्या फांदीवरून सुटला आणि निळी रेघ ओढून गेला. वाट आधी दोन नावांची होती, मग एकीची झाली. तिनं वल्हं आखूड धरलं, एका पात्यानं पाण्यात, दुसऱ्या टोकानं मुळाला टेकून पुढं. फांदी आली की पाठ नावेवर टेकून खालून सरकली. वळणावर एक झोकदार वल्हं मागून पुढं, एक पुढून मागं, आणि नाव जागच्या जागी फिरली.

आमची नाव वळेना. सुकाणूला पाणी वाहतं लागतं. वेग असेल तरच ते नावेला वळवतं, आणि इथं वेग घ्यायला जागा नाही. मागं यायला उलटं पायडल मारलं तर सुकाणूचं काही चालेना, नावेची शेपूट मुळांत गेली. पंखा चिखलात घुसला आणि पाणी काळं झालं, कुजलेल्या पानांचा वास वर आला. दांडा वर घेतला आणि फांद्या धरून नाव मागं काढली. तोंडावर येऊन थांबलो.

ती आतच होती. भरती पूर्ण व्हायच्या आत परतायचं ठरलं होतं, ती त्याच्या आधीच आली. मागं मागं वल्हं मारत, खांद्यावरून बघत, एकाही मुळाला न धक्का देता. चेहरा उजळलेला. "अहो, आत केवढं मोठं पाणी उघडतं माहितीय? पलीकडं अजून एक वाट आहे." भावाला म्हणाली, "तुझी नाव इथं कामाची नाही रे." मेहुण्यानं मान हलवली. या वाटा तो किनाऱ्यावरून रोज बघतो, आत मात्र लहानपणानंतर गेलेला नव्हता. त्याच्या नावेला त्या बंदच आहेत.

परतीचा दिवस

सकाळी मेहुण्यानं यंत्र गोड्या पाण्यानं धुतलं. खाऱ्या पाण्यातून आलं की हे दर वेळी करावं लागतं. बारीक वाळू आत राहिली तर दातेरी चाकं खाते, मीठ राहिलं तर बोल्ट गंजतात. मग ग्रीस. माझ्या नावेवर दोन बादल्या पाणी ओतलं आणि ती सुकायला ठेवली. हे काम त्याच्या आवडीचं आहे. यंत्र खोलणं, पुसणं, घट्ट करणं यात त्याचा जीव रमतो, आणि ज्याचा रमतो त्यानंच पायडलची नाव घ्यावी असं मला वाटतं. सुटा भाग बिघडला तर खानापुरात मिळणार नाही, बेळगावातही मिळेल असं नाही. शिवाय बाहेरून आलेली पायडलची कयाक लाखाच्या पुढं जाते. तेवढ्यात वल्ह्याच्या दोन येतात, जॅकेटांसकट.

निर्णय घाटात झाला, गाडी चालवता चालवता. मेहुण्यानं घेतलं ते त्याच्या पाण्याला बरोबर आहे: खोल, रुंद, वाऱ्याचं, आणि काठाला सपाट वाळू. आमचं पाणी वेगळं. मलप्रभा उथळ, दगडांची, फेब्रुवारीनंतर डोहांपुरती उरणारी, आणि काठ उभे. हिडकलचा जलाशय किंवा सौंदत्तीजवळचं नवीलतीर्थ जवळ असतं तर मी पायडलचा विचार केला असता. तिथं दुपारच्या वाऱ्यात मैलभर पाणी कापावं लागलं असतं. राकसकोपचं पाणी बेळगावकर पितात, तिथं नाव घालायचा प्रश्नच नाही. राहते आमची नदी आणि कारवारच्या तिवरातल्या वाटा.

घरी आल्यावर बायकोनं मित्राची कयाक परत द्यायच्या आधी एकटीनं गाडीच्या टपावर चढवून बघितली. आधी नाकाड टपाच्या मागच्या कडेला टेकवलं, काचेवर ओरखडा नको म्हणून खाली गोधडी घातली, मग मागून उचलून पुढं सरकवली. अर्धंच वजन एका वेळी उचलावं लागतं. दोन वेळा केलं, दोन्ही वेळा जमलं.

दहा फुटी, अडीच फूट रुंद, पंचवीस किलोच्या आत, वर बसायची. वल्हं २३० सेंटिमीटरचं, मधे जोडणारं आणि पात्यांचा कोन फिरवता येणारं, म्हणजे दोघांनाही चालेल आणि वाऱ्यातही उपयोगी पडेल. एक सुटं वल्हं जादा. जॅकेटं आपापल्या मापाची, तिच्यासाठी वेगळं. एवढं ठरवून पैसे भरले. मेहुण्याला फोन केला तर तो म्हणाला, नाताळात घेऊन या, ती आतली वाट मलाही बघायची आहे. बदल्यात तो त्याची नाव घेऊन हिडकलला येणार आहे. तिथल्या मासेमारीच्या परवानगीची चौकशी मी या आठवड्यात करतोय.